उष्णता-दर, औष्णिक विद्युत् केंद्रांतील

एक किलोवॉट-तास वीज निर्माण करण्यास इंधनातून जितकी उष्णता द्यावी लागते, तीस ‘उष्णता-दर’ म्हणतात. एक किलोवॉट-तास म्हणजे ८६० किलोकॅलरी. त्यामुळे ८६० या संख्येस उष्णता-दराने भागले असता कार्यक्षमता मिळते. जेट एंजिनाचे इंधन रेट्याशी ताडून पाहतात, तर रॉकेटाचा विशिष्ट आवेग सेकंदांत सांगतात.

या मापनाचा उगम खाणींत झाला. कॉर्नवॉलमधील पाणी उपसणाऱ्या वाफ एंजिनांची कामगिरी १८११ पासून दरमहा प्रसिद्ध होऊ लागली. एक बुशेल कोळशात किती पौंड पाणी एक फूट उचलले जाते, हे तिचे माप होते. या प्रसिद्धीमुळे एंजिनकारांत चुरस लागली व १८३५ मध्ये एका एंजिनाने १२.५ कोटींचा आकडा गाठला. तोपर्यंत उष्णता व कार्य यांची तुल्यता प्रस्थापित झालेली नव्हती, हे लक्षणीय होय.

चंद्रपूरजवळील ऊर्जानगर येथील केंद्राचा २१० मेगॅवॉटचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. १९९७ पर्यंत क्षमता २,३४० मेगॅवॉट झाली. २०१६ मध्ये ५०० मेगॅवॉटचे आणखी दोन संच आले आणि पहिले दोन संच पुढे निवृत्त झाले. येथे वीज मोजणे सोपे, कोळसा मोजणे कठीण. पट्टावाहकावरील काटा वजन सांगतो, उष्णता नव्हे. राख व ओलावा तर दर खेपेस बदलतात. समजा, युनिटमागे ०.७५ किग्रॅ. कोळसा जळाला. त्याचे कॅलरीमूल्य किलोग्रॅमला ३,४०० किलोकॅलरी धरल्यास उष्णता-दर २,५५० व कार्यक्षमता सुमारे ३३.७ टक्के येते. तेच मूल्य प्रत्यक्षात ३,१०० भरल्यास दर २,३२५ व कार्यक्षमता ३७ टक्के होते. म्हणजे जो दोष यंत्रांचा वाटत होता, तो कोळशाचा ठरतो. म्हणूनच धूर, ओलावा, न जळालेला कार्बन इत्यादींतून वाया जाणारी उष्णता स्वतंत्रपणे मोजून बाष्पित्राची कार्यक्षमता काढण्याची अप्रत्यक्ष पद्धत अधिक विश्वसनीय मानतात.

राख व ओलावा यांवरून काढलेल्या ‘उपयुक्त उष्णतामूल्या’वर आधारलेली कोळशाची प्रतवारी भारतात १ जानेवारी २०१२ पासून मागे पडून स्थूल कॅलरीमूल्य हा आधार झाला. मात्र नमुना खाणीवर घ्यावा की बाष्पित्रापाशी, हा वाद त्याने मिटला नाही. वीज नियामक आयोग दर ठरविताना उष्णता-दराची मर्यादा घालून देतो. तिच्यापलीकडे जळालेल्या कोळशाचा खर्च ग्राहकाने सोसावा, केंद्राने की खाणीने, हे त्या नमुन्यावरच अवलंबून असते.