शाईत बुडवलेले छर्रे

विज्ञान प्रयोगांतून शिकवायचे तर आधी सुसज्ज प्रयोगशाळा हवी, असे आपण सहसा गृहीत धरतो. हे गृहीतक कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी १९०७ सालच्या पॅरिसमध्ये डोकावू या.

पदार्थवैज्ञानिक पिएर क्यूरी लहानपणी शाळेत कधी गेलेच नव्हते. त्यांचे शिक्षण घरीच झाले. १९०६ च्या एप्रिलमध्ये रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांची थोरली मुलगी इरेन तेव्हा आठ वर्षांची होती. मुलांना दिवसभर शाळेच्या बाकावर जखडून ठेवणे आई मारी क्यूरी यांना पटत नव्हते. त्यांचे सहकारी आणि शेजारीही याच मताचे होते. तेव्हा या पालकांनी मिळून ठरवले, की आपल्या मुलांना आपणच शिकवायचे. मुले साधारण दहा. दिवसाला बहुधा एकच धडा. उरलेला वेळ खेळायला मोकळा. रसायनशास्त्र शिकवायला जाँ पेरँ, गणिताला पॉल लांजव्हँ आणि पदार्थविज्ञानाला स्वतः मारी क्यूरी!

इतके मोठे शिक्षक. साधने मात्र अगदी साधी. सायकलचे पोलादी छर्रे शाईत बुडवून मुले ते कलत्या फळीवरून सोडत. छर्रा आडवा ढकलून सोडला, की तो खाली घरंगळताना कागदावर वक्ररेषा काढतो. हाच अन्वस्त. असे का होते? आडव्या दिशेने छर्रा समान वेळात समान अंतर कापतो. उताराच्या दिशेने मात्र त्याचा वेग वाढत जातो. लागोपाठच्या समान कालखंडांत त्याने उताराच्या दिशेने कापलेली अंतरे १ : ३ : ५ या प्रमाणात असतात. गॅलिलिओचा नियम असा शाईने उमटतो. याच वर्गात मुलांनी स्वतः तापमापकही तयार केला आणि तो बाजारातल्या तापमापकाशी ताडून पाहिला.

एकदा मारीबाईंनी विचारले, "या भांड्यातले गरम पाणी गरमच ठेवायचे, तर काय कराल?" कोणी लोकर गुंडाळायला सांगितले, कोणी आणखी हुशारीचे उपाय सुचवले. बाई हसून म्हणाल्या, की मी असते तर आधी झाकण ठेवले असते!

हा उपक्रम जेमतेम दोन वर्षे चालला. प्रयोग फसले म्हणून तो बंद पडला नाही. पालकांना आपापल्या कामातून सवड होईना आणि मुलांपुढे सरकारी परीक्षेचा ठरलेला अभ्यासक्रम उभा होता. ही अडचण आपल्याला परकी वाटायला नको.

इरेनला १९३५ साली पती फ्रेदेरिक यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यावरून या पद्धतीचे यश सिद्ध होते, असे आम्ही म्हणणार नाही. अशा घरातली मुलगी कुठेही शिकली असती, तरी कदाचित पुढे आलीच असती. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढणे विज्ञानाला धरून नाही.

मग यातून घ्यायचे काय? त्या वर्गातले छर्रे स्वस्त होते. महाग होता तो मोठ्यांचा वेळ. इझाबेल शावान या विद्यार्थिनीने तेव्हा उतरवून घेतलेली मारीबाईंच्या धड्यांची टिपणे २००३ साली फ्रान्समध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. एका मुलीच्या वहीत तो वेळ इतकी वर्षे जपलेला होता.

सायकल दुरुस्तीच्या दुकानातून चार छर्रे मागून आणा. एक फळी, एक कागद आणि थोडी शाई घ्या. तासिकेतली वीस मिनिटे मात्र आपल्यालाच काढावी लागतील.