गाव सुटले, हुन्नर राहिला



बैतुल मुकद्दस, म्हणजेच जेरुसलेम, हे नाव आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकले आहे. खिलाफत चळवळीचे नेते मौलाना मुहम्मद अली यांना १९३१ साली तेथील हरम शरीफच्या कडेलाच दफन करण्यात आले. याच शहरात पहिल्या महायुद्धानंतर एका निर्वासित कारागिराने रंगीत टाइल्सचा कारखाना उभारला. त्याचा इतिहास थोडक्यात आपणांपुढे ठेवीत आहे.

हरम शरीफच्या आवारात कुब्बतुस सख्रा ही घुमटाची इमारत आहे. उमय्या खलीफा अब्दुल मलिक यांच्या काळात, हिजरी ७२ म्हणजे इ. स. ६९१-९२ मध्ये ती बांधली गेली. काचेचे व दगडाचे लहान लहान रंगीत तुकडे चुन्यात बसवून जी नक्षी करतात तिला मोझाइक म्हणतात. या इमारतीच्या आत तसे काम आजही पाहावयास मिळते. बाहेरच्या भिंतींवरही पूर्वी ते होते. सोळाव्या शतकात उस्मानी सुलतान सुलेमान यांनी त्या जागी रंगीत टाइल्स बसविल्या. पुढे ऊनपावसाने त्याही खराब झाल्या. डिसेंबर १९१७ मध्ये शहर इंग्रजांच्या ताब्यात आले, तेव्हा दुरुस्तीचा प्रश्न उभा राहिला. तशा टाइल्स आता करणार कोण?

तो हुन्नर अनातोलियातील कुताह्या या गावात जिवंत होता. १८८४ साली जन्मलेले डेव्हिड ओहानेशियन हे आर्मेनियन ख्रिस्ती कारागीर तेथे कारखाना चालवीत. इंग्रज मुत्सद्दी सर मार्क साइक्स यांच्या यॉर्कशायरमधील घरातील तुर्की पद्धतीची खोली त्यांच्याच टाइल्सनी सजली होती. परंतु १९१५ पासून आर्मेनियन लोकांवर कत्तलीचे व हद्दपारीचे भयंकर संकट कोसळले. १९१६ मध्ये ओहानेशियन यांनाही कुटुंबासह सीरियाकडे घालविण्यात आले. भट्ट्या, घर, गाव, सारे मागे राहिले. १९१८ च्या अखेरीस हलब शहरात साइक्स यांची त्यांच्याशी गाठ पडली आणि त्यांना जेरुसलेमचा रस्ता मिळाला.

१९१९ मध्ये जेरुसलेमच्या जुन्या शहरात, विया दोलोरोसा या रस्त्यावर, त्यांचा कारखाना सुरू झाला. परमुलखात असे काम सुरू करणे म्हणजे काय, याचा विचार करा. आधी योग्य माती हवी. तिची टाइल करून वर पांढरा थर द्यावयाचा, त्यावर काळ्या रेषेने नक्षी काढावयाची. निळा रंग कोबाल्टपासून, फिरोजी तांब्यापासून. मग काचेसारखी झिलई, आणि शेवटी भट्टी. माती आणि झिलई सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत तर झिलईला तडे जातात आणि सारी मेहनत फुकट जाते. गाव बदलले की माती बदलते, आणि जुन्या मापावर विसंबून चालत नाही. म्हणून ओहानेशियन सामान व माणसे आणण्यासाठी पुन्हा कुताह्याला गेले. नेशान बालियान हे कुंभार आणि मेगर्दिच काराकाशियान हे चित्रकार असे दोन कसबी साथीदार त्यांना मिळाले. हद्दपारीत आईबाप गमावलेल्या मुलामुलींनाही कारखान्यात काम शिकविले गेले.

आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप, ते कुब्बतुस सख्राच्या भिंती नव्याने मढविण्याचे मोठे काम या कारखान्याला कधी मिळालेच नाही! दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. ओहानेशियन यांनी मिळेल ते काम हाती घेतले. अरबी, हिब्रू व इंग्रजी अशा तीन भाषांत रस्त्यांची नावे लिहिलेल्या टाइल्स त्यांच्या कारखान्यात तयार झाल्या. पुढे घरे, चर्च आणि तेथील पुरातत्त्व संग्रहालय यांच्यासाठीही त्यांनी टाइल्स केल्या.

१९२२ मध्ये बालियान व काराकाशियान वेगळे झाले आणि त्यांनी नाब्लुस रस्त्यावर आपला स्वतंत्र कारखाना काढला. आपण म्हणाल, ज्यांना बोलावून आणले तेच प्रतिस्पर्धी झाले! व्यापाराच्या दृष्टीने हे खरे आहे. परंतु पुढे काय घडले ते पाहा. १९४८ च्या युद्धात ओहानेशियन यांना दुसऱ्यांदा आपले गाव सोडावे लागले. १९५३ मध्ये बैरुत येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा कारखाना बंद पडला, पण जेरुसलेममधील ती कला मात्र बंद पडली नाही. बालियान आणि काराकाशियान यांच्या घराण्यांनी ती पुढे चालविली, आणि आज ती त्या शहराचीच ओळख बनली आहे. सारे ज्ञान एकाच माणसाच्या मुठीत राहिले असते, तर ते त्याच्याबरोबरच गेले असते.

पालकहो, आपल्या घरांतही हातांत कसब असलेली माणसे आहेत. कोणी रंगारी, कोणी विणकर, कोणी सुतार, कोणी नक्षीकाम करणारा. मुलगा शिकून नोकरीस लागला की घरच्या विद्येची गरज उरत नाही, असे आपण धरून चालतो. उलट स्पर्धेच्या भीतीने ती बाहेरच्यांना आपण शिकवीत नाही. अशाने ती दोन्हीकडून बुडते. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही लिहिण्यास शिकला आहात. येत्या सुट्टीत आजोबांजवळ, चाचांजवळ बसा. रंग कोणत्या मापाने कालवतात, लाकूड कसे पारखतात, हे विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. तुमच्या शिक्षणाचा पहिला उपयोग तुमच्या घरालाच होऊ द्या.