उज्जैनची वेधशाळा : सावलीवर वेळ सांगणाऱ्या भिंती



महाकालाच्या दर्शनाला आपल्या गावांतून गाड्या भरून जातात. दर्शन झालं, क्षिप्रेचं स्नान झालं की परतीची घाई. पण त्याच क्षिप्रेच्या काठी एक वेधशाळा आहे. आज आम्ही तिची माहिती सांगणार आहोत.

आज जग इंग्लंडमधल्या ग्रिनिचवरून वेळ धरतं. आपले जुने गणिती ती उज्जैनवरून जाणाऱ्या रेषेवरून धरायचे. पुढे सुमारे तीनशे वर्षांपूर्वी जयपूरचे राजे सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार झाले. त्यांना आकाश मोजायचा नाद होता. पितळेची छोटी यंत्रं झिजतात, हलतात, मग हिशेब चुकतो. म्हणून त्यांनी दगड-चुन्याची भलीमोठी यंत्रं बांधली, दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी. मथुरेची आता उरली नाहीत. उज्जैनचीही पडझड झाली होती. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी १९२३ मध्ये ती दुरुस्त करून घेतली.

तिथलं सम्राट यंत्र म्हणजे एक तिरकी भिंत, वर जायला पायऱ्या. रात्री त्या उताराच्या रेषेत नजर लावली की समोर ध्रुवतारा. दिवसा भिंतीची सावली दोन्ही बाजूंच्या कमानींवर सरकते, सकाळी पश्चिमेच्या, दुपारनंतर पूर्वेच्या. कमानीवर तास-मिनिटांच्या खुणा आहेत. सावलीत बारा वाजतात तेव्हा आपल्या घड्याळात साधारण बारा सत्तावीस झालेले असतात. यंत्र चुकत नाही. ते उज्जैनची वेळ सांगतं आणि घड्याळ साऱ्या देशाची.

शेजारी शंकू यंत्र आहे, म्हणजे ओट्याच्या मधोमध उभी केलेली काठीच. २१ जूनच्या आसपास भर दुपारी तिची सावली जवळजवळ नाहीशी होते. २२ डिसेंबरला ती सर्वांत लांब पडते.

दाराच्या उंबऱ्यावर ऊन कुठवर आलं ते पाहून आपल्या आज्या-पणज्या कामाची वेळ ठरवायच्या. घड्याळ नव्हतं, पण आकाश वाचता येत होतं. तरी काळवेळ सांगायचा मान दुसऱ्यांचा आणि आपण फक्त विचारायचं, असंच चालत आलं. वेधशाळेत मात्र सावली सगळ्यांना सारखीच दिसते. ती वाचायला ना पोथी लागते, ना शाळेचा दाखला.

म्हणून पुढच्या यात्रेत एक तास इथे ठेवा. मुलींना सोबत न्या, तिथल्या माहितगाराला प्रश्न विचारा. तोवर अंगणात एक काठी सरळ उभी करा आणि दुपारी तिची सावली रोज मोजा. मे महिन्यात एक दिवस ती काठीच्या बुडाशीच नाहीशी होईल. जुलै-ऑगस्टमध्येही असा एक दिवस येतो, पण तेव्हा ढग असतात. तुमच्या गावात तो दिवस कोणता, ते गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि आम्हालाही कळवा.