बर्फाचे टायर आणि जुनी 911
फिनलंडमधल्या नोकिया गावच्या रबर कारखान्याने 1934 साली खास हिवाळ्यासाठी टायर काढला, तो मालमोटारींसाठी. दोनच वर्षांनी मोटारींसाठी ‘हक्कापेलिट्टा’ आला.

स्पोर्ट्स कार हिवाळ्यात झाकून ठेवायची, हा समज पोर्शे 911ने खोटा पाडला. 1968 ते 1970 अशी सलग तीन वर्षं तिने माँटे कार्लो रॅली जिंकली, तीही आल्प्सच्या बर्फाळ घाटांतून. इंजिन मागे असल्याने भार मागच्या चाकांवर पडतो आणि चढावर पकड टिकते. वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला, तर मात्र मागची बाजूच पुढे येऊ पाहते! रॅलीच्या टायरमध्ये खिळे असत. त्यांनी रस्ते खराब होतात म्हणून पश्चिम जर्मनीने 1975मध्ये खिळ्यांवर बंदी घातली आणि सगळी भिस्त थंडीतही मऊ राहणाऱ्या रबरावर आणि त्यावरच्या बारीक चिरांवर आली.

अशी जुनी 911 आजही रोज चालवणाऱ्याने रुंद टायरचा मोह टाळलेला बरा. ताज्या बर्फात अरुंद टायर बर्फ कापत खाली रस्त्यापर्यंत पोचतो. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचावेत: ‘3518’ म्हणजे 2018चा 35वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी वर्षं उलटतात तसं रबर कडक होत जातं.