टर्मिनलवरील मराठी वृत्तवाचन

टर्मिनलवरील मराठी वृत्तवाचन : चित्रे व माऊस यांच्या साहाय्याविना, कळफलकावरून आज्ञा देऊन संगणकाच्या अक्षरपडद्यावर बातम्या मागविण्याची व वाचण्याची पद्धती. तिचे मूळ वृत्तसंस्थांच्या दूरमुद्रकात आहे. युनिक्स प्रणालीत टर्मिनलला असलेले ‘टीटीवाय’ हे नाव टेलिटाइपरायटर या यंत्राचाच अवशेष होय. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या ‘हिंदुस्थान समाचार’ या वृत्तसंस्थेने १९५४ मध्ये देवनागरी दूरमुद्रक वापरात आणला. संगणकाच्या पडद्यावर मात्र नागरीस इतक्या सुलभपणे प्रवेश मिळाला नाही.

याचे कारण पडद्याच्या रचनेतच होते. १९६३ मध्ये सिद्ध झालेल्या ‘अस्की’ या संकेतावलीत १२८ चिन्हे असून तीत रोमन लिपीखेरीज अन्य लिपीस स्थान नव्हते. प्रचलित पडदा ८० स्तंभ व २४ ओळी यांत विभागलेला असे आणि एका चौकटीत एकच अक्षर मावे. उच्चारात व्यंजनानंतर येणारी पण लेखनात त्याच्या आधी दिसणारी ऱ्हस्व वेलांटी, तसेच जोडाक्षरे या चौकटींत बसत नसत. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत आरंभ झालेले व पुढे पुण्याच्या ‘सी-डॅक’ने (स्थापना १९८८) विकसित केलेले ‘जिस्ट’ तंत्र हा यावरील पहिला समर्थ उपाय होय. ‘इस्की’ ही भारतीय लिपींची संकेतावली १९९१ मध्ये प्रमाणित झाली.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सर्वसाधारण ग्राहकांस खुली केली. विद्यार्थ्यांस अल्प दरात केवळ अक्षररूप जोडणी मिळे. अमेरिकेतील कॅनझस विद्यापीठात १९९२ मध्ये तयार झालेल्या ‘लिंक्स’सारख्या आज्ञावलीने तीवर बातम्या वाचता येत. प्रारंभीची केंद्रे मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथेच होती. त्यामुळे अमरावतीच्या राजापेठेतील ग्राहकास थेट जोडणीसाठी मुंबईला एसटीडी लावण्यावाचून मार्ग नव्हता आणि दूरध्वनीचा आकार मिनिटागणिक वाढे. चित्रांचे ओझे नसलेले पृष्ठ लवकर उतरे, म्हणून ही पद्धती वऱ्हाडसारख्या प्रदेशास विशेष सोयीची ठरावी. परंतु घडले उलट. मराठी दैनिकांनी आपापल्या स्वतंत्र टंकांचे संकेत वापरले. ते टंक चित्रपडद्यावरच उमटत; अक्षरपडद्यावर त्यांच्या जागी निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसे. स्वस्त जोडणीवर इंग्रजी बातमी मिळे, मराठी मिळत नसे.

युनिकोड (१९९१) व त्याचे यूटीएफ-८ हे रूप (१९९२) यांचा प्रसार झाल्यावर हा अडसर बहुतांशी दूर झाला. आज ‘न्यूजबोट’सारख्या आज्ञावलीने वृत्तपत्रांचे आरएसएस प्रवाह टर्मिनलवर वाचता येतात. तथापि चौकटींची जुनी अडचण पुरती संपलेली नाही. कित्येक टर्मिनलांवर जोडाक्षरे फुटतात व वेलांट्या सरकतात. ‘वऱ्हाड’ हा शब्दच याचे बोलके उदाहरण होय. त्यातील अर्धा ऱ, ज्यास काही जण पापणीचा र म्हणतात, युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरास हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात. संगणकास मात्र ते भिन्न शब्द वाटतात. एका रूपाने शोध घेतल्यास दुसऱ्या रूपात लिहिलेली वऱ्हाडची बातमी टर्मिनलच्या साध्या शोध-आज्ञेस सापडत नाही.