मुंबई ४ ते ४०० ००४

जुन्या मराठी पुस्तकातलं प्रकाशकाचं पान काढून बघा. १९७२ पूर्वीचं असेल तर पत्ता 'गिरगाव, मुंबई ४' इथेच संपतो. नंतरच्या पुस्तकांत त्याचंच 'मुंबई ४०० ००४' झालेलं दिसतं. खटाववाडीतल्या मौज प्रकाशन गृहाच्या पत्त्यातला शेवटचा चार त्या आधीच्या मुंबईचा.

पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले हे अधिकारी संस्कृत कवीही होते. छंदातल्या मात्रा मोजणाऱ्या माणसाच्या हाती देशभरच्या टपालाचे आकडे यावेत, हे मला तरी शोभून दिसतं. अडचण अशी होती, की पत्र कुठल्याही लिपीत येई, अक्षर कसंही असे, आणि एकाच नावाची गावं ठिकठिकाणी. औरंगाबाद मराठवाड्यात होतं तसं बिहारमध्येही. आता एक ४३१००१, दुसरं ८२४१०१. तमिळ न वाचता येणाऱ्यालाही पत्र योग्य कप्प्यात टाकता येऊ लागलं. मराठवाड्यातल्या शहराचं पुढे छत्रपती संभाजीनगर झालं, आकडा मात्र तोच राहिला.

पहिला आकडा विभागाचा. चारमध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आताचं छत्तीसगड. पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा, म्हणून मुंबई ४००, पुणे ४११, गोवा ४०३. शेवटचे तीन पत्र वाटणाऱ्या पोस्टाचे. मुंबईत हे शेवटचे आकडे नव्याने शोधावे लागलेच नाहीत. शहराला आधीपासून क्रमांक होते, त्यांच्याआधी शून्यं लावली की झालं. मुंबई १२ म्हणजे परळ-लालबाग, ते ४०० ०१२. दादर पूर्वेला १४, पश्चिमेला २८. कलकत्ता आणि मद्रासचंही असंच झालं. जुन्या गिरगावकराला नवं पाठ करायचं काहीच नव्हतं.

पण हा क्रमांक घराचा नाही, पोस्टाचा आहे. केईएम, टाटा रुग्णालय आणि लालबागची चिवडा गल्ली हे सगळं ४०० ०१२. त्यामुळे नुसत्या पिनकोडवरून नकाशावर टाचणी टोचणारी संकेतस्थळं अंदाजच सांगत असतात. शहर आणि राज्य आपोआप भरायला तो उत्तम, दार दाखवायला नव्हे. संकेतस्थळांवरच्या अर्जांतल्या पिनकोडच्या रकान्यांचं तर विचारूच नका. छापील पत्त्यातली मधली मोकळी जागा टाकली की लाल अक्षरांत 'चुकीचा पिनकोड'. देवनागरीत ४००००४ लिहिलं तरी बहुतेक ठिकाणी तेच, कारण रकाना बांधणाऱ्याने ० ते ९ हे आकडे फक्त इंग्रजी धरलेले असतात. मोकळी जागा गाळून टाकणं आणि देवनागरी आकडे बदलून घेणं हे दोन ओळींचं काम आहे. कुठल्याही लिपीतल्या पत्त्यासाठी काढलेला क्रमांक एकाच लिपीतून मागायचा, याला काय म्हणावं!

२०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येकाला अक्षरं आणि आकडे मिळून दहा चिन्हांचा संकेत दिला. फोनने अक्षांश-रेखांश दिले, की संकेत तयार. चार मीटर म्हणजे तेरा फूट. दहा बाय बाराची खोली त्यात मावेल. पण हा चौकोन जमिनीवरचा, त्याला उंची नाही. फणसवाडीतल्या चाळीत तळमजल्यावरची खोली आणि तिच्या डोक्यावरच्या तिन्ही माळ्यांवरच्या खोल्या यांचा संकेत एकच येणार. तेव्हा पत्त्यात 'तिसरा माळा, खोली नं. अमुक' लिहावंच लागतं, आणि पोस्टमनला जिना चढावाच लागतो.