दोन गिअरांची बदनामी

अर्ल थॉम्प्सन हा अमेरिकन इंजिनिअर मोटारींच्या इतिहासात दोनदा भेटतो, आणि दोन्ही वेळा एकमेकांच्या विरोधात उभ्या असलेल्या दोन घराण्यांचा मूळपुरुष म्हणून. १९२८ साली कॅडिलॅकमध्ये सिंक्रोमेश गिअरबॉक्स आला, तो त्याचा शोध. त्याआधी गिअर टाकताना फिरत्या चक्रांचे वेग चालकाला अंदाजाने जुळवावे लागत आणि अंदाज चुकला की सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा खरखराट होई. सिंक्रोमेशने हाताने गिअर टाकणं साध्या माणसाच्या आवाक्यात आणलं. पुढे याच थॉम्प्सनच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्समधल्या एका गटाने हायड्रा-मॅटिक घडवला आणि १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून क्लचचं पेडलच नाहीसं झालं. म्हणजे मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक ही सख्खी भावंडं. तरीही साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकन मसल कारवर जीव टाकणाऱ्यांमध्ये आज एक ठाम समजूत आहे: चार गिअरचा दांडा असेल तर ती खरी मसल कार, ऑटोमॅटिक असेल तर ती आळशी माणसाची तडजोड. ही समजूत आली कुठून याचा माग काढला, तर मर्दानगी, कौशल्य वगैरे मोठे शब्द मागे पडतात आणि एक साधी गोष्ट उरते. काही वर्षं, काही कारखान्यांनी, ऑटोमॅटिकच्या खोक्यात दोनच गिअर घातले होते.

गंमत अशी की सुरुवात दोन गिअरांनी झालीच नव्हती. हायड्रा-मॅटिकला पुढचे चार गिअर होते. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचऐवजी तेलातून शक्ती पोचवणारं फ्लुइड कपलिंग होतं. त्याची मूळ कल्पना जर्मनीच्या हर्मान फॉटिंगरने विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांच्या इंजिनांसाठी मांडली होती. ओल्ड्समोबिलच्या गिऱ्हाइकाला या सोयीसाठी ५७ डॉलर जादा पडत. लगेच युद्ध आलं आणि हाच गिअरबॉक्स कॅडिलॅक इंजिनांच्या जोडीसह एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात बसला. रणगाड्यात टिकलेल्या यंत्राला नाजूक म्हणणं कठीण आहे. त्यात एकच खोट होती: गिअर बदलताना झटका जाणवे. युद्धानंतरच्या सुखवस्तू अमेरिकेला तो झटका नको होता. १९४८ साली ब्युइकने डायनाफ्लो आणला. त्यात तेलातूनच जोर वाढवणारा टॉर्क कन्व्हर्टर सगळा भार उचलत असे आणि नेहमीच्या चालवण्यात गिअर बदलतच नसे. १९५० मध्ये शेव्हरोलेचा दोन गिअरांचा पॉवरग्लाइड आला. गाडी लोण्यासारखी पळू लागली, पण इंजिन एकीकडे ओरडतंय आणि वेग मात्र सावकाश चढतोय, असा अनुभव येऊ लागला. ‘स्लशबॉक्स’ हे हेटाळणीचं नाव अमेरिकेत रूढ झालं ते अशाच गिअरबॉक्सांच्या जिवावर. शर्यतवाल्यांनी मात्र तेव्हाही फरक ओळखला होता. १९५३ साली स्थापन झालेल्या कॅलिफोर्नियातल्या बी अँड एम या दुकानाने जुने चार गिअरांचे हायड्रा-मॅटिक मजबूत करून ड्रॅग शर्यतीच्या गाड्यांत बसवायला सुरुवात केली. त्यांचं वाकडं ऑटोमॅटिकशी नव्हतंच.

याच सुमारास दुसरं घराणं वर येत होतं. अमेरिकेतल्या साध्या गाडीत तेव्हा स्टिअरिंगच्या दांड्यावर तीन गिअरांची मूठ असे. ती फुकट मिळे, म्हणून तिला प्रतिष्ठा नव्हती. १९५७ मध्ये कॉर्व्हेटला बोर्ग-वॉर्नरचा टी-१० हा चार गिअरांचा, जमिनीवर दांडा असलेला गिअरबॉक्स जादा पैशांत मिळू लागला. १९६३ पासून जनरल मोटर्सचा स्वतःचा मन्सी, आणि १९६४ मध्ये फोर्डचा टॉपलोडर व क्रायस्लरचा ए-८३३ आला. म्हणजे आज ज्याला आपण मॅन्युअलचा मान म्हणतो तो मॅन्युअलचा नव्हता, चौथ्या गिअरचा होता. बीच बॉईजच्या १९६२ सालच्या ‘४०९’ या गाण्यातसुद्धा चार गिअरांचा मिजाशीने उल्लेख आहे. १९६४ ची ओल्ड्समोबिल ४-४-२ तर नावातच तो मिरवत होती: चार नळ्यांचा कार्ब्युरेटर, चार गिअर आणि दोन एक्झॉस्ट. पण १९६५ साली याच गाडीला ऑटोमॅटिक मिळू लागला, ४०० घनइंचाचं नवं इंजिन आलं, आणि कंपनीने पहिल्या चारचा अर्थ बदलून इंजिनाच्या आकाराशी जोडला. नाव तेच, चार गिअरांची अट गेली.

मसल कारचं युग सुरू करण्याचा मान जिला सहसा दिला जातो ती पाँटिअॅक जीटीओ १९६४ सालची. तिच्यात मूळ किमतीला तीन गिअरांचा मॅन्युअल, जादा पैशांत चार गिअरांचा, आणि ऑटोमॅटिक हवा असेल तर दोनच गिअरांचा, अशी निवड होती. आता पुढची आकडेवारी पाहा. १९६६ मध्ये ९६,९४६ जीटीओ बनल्या, त्यांपैकी ३५,६६७ ऑटोमॅटिक. म्हणजे साधारण ३७ टक्के. १९६७ साली पाँटिअॅकने दोन गिअरांचा खोका काढून तीन गिअरांचा टर्बो हायड्रा-मॅटिक ४०० दिला. त्या वर्षी ८१,७२२ गाड्यांपैकी ४२,५९४ ऑटोमॅटिक निघाल्या, निम्म्याहून जास्त. अमेरिकन तरुण एका वर्षात आळशी झाला, असं कुणी म्हणणार नाही. त्याच वर्षी इंजिनही ३८९ वरून ४०० घनइंचांचं झालं हे खरं, पण ते मॅन्युअल घेणाऱ्यालाही मिळतच होतं. बदलला तो ऑटोमॅटिकमधल्या गिअरांचा हिशोब. गिऱ्हाइकाने आधी नाकारलं होतं ते दोन गिअरांना.

यावर एक आक्षेप सहज येतो: गिऱ्हाईक शेवटी सोयच बघतं, विक्रीचे आकडे वेगाबद्दल काही सांगत नाहीत. मान्य. मग वेगाचीच कसोटी लावू. क्रायस्लरने १९५६ मध्येच टॉर्कफ्लाइट हा तीन गिअरांचा ऑटोमॅटिक काढला होता आणि १९६२ मध्ये त्याचं ॲल्युमिनियमच्या कवचातलं ७२७ हे रूप आलं. क्रायस्लरच्याच इंजिनिअरांच्या ‘रॅमचार्जर्स’ या संघाने पाव मैलाच्या शर्यतीत टॉर्कफ्लाइट बसवलेल्या डॉज पळवल्या. हे लोक नोकरीत गाड्यांची मोजमापं करणारे होते. भावनेच्या भरात गिअरबॉक्स निवडणारे नव्हेत. त्यांचं गणित असं. टॉर्कफ्लाइटचा पहिला गिअर २.४५ चा. गाडी जागची हलताना टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाचा जोर साधारण दुप्पट करतो, म्हणजे त्या क्षणी चाकांकडे जाणारा गुणाकार पाचच्या आसपास पोचतो. मन्सीच्या एम-२१ चा पहिला गिअर २.२० चा, आणि क्लच काही जोर वाढवत नाही. वेग चढला की कन्व्हर्टरचा हा फायदा विरतो, पण तोवर शर्यतीतला निर्णायक भाग होऊन गेलेला असतो. शिवाय गिअर बदलताना शक्ती तुटत नाही, आणि त्या काळचे अरुंद टायर एकदम फिरून धूर करत नाहीत. क्लच सोडताना बसणाऱ्या झटक्याचा पुरावा तर खुद्द कारखान्याने दिला आहे. ४२६ घनइंचाच्या हेमी इंजिनाबरोबर चार गिअरांचा मॅन्युअल घेतला, तर क्रायस्लर मागे डाना ६० हा ट्रकच्या तोडीचा जाडजूड ॲक्सल बसवी. त्याच इंजिनाबरोबर ऑटोमॅटिक घेतला तर एरवीचा ८¾ इंची ॲक्सल पुरे. क्लच धाडकन सोडल्यावर काय तुटतं हे कंपनीला ठाऊक होतं.

मात्र ऑटोमॅटिकच्या वकिलाने इथेच थांबणं लबाडीचं होईल. त्या काळच्या कन्व्हर्टरला लॉक-अप, म्हणजे घसरण थांबवणारी थेट जोडणी, नव्हतं. हमरस्त्यावर एका वेगाने जातानाही तो थोडा घसरत राही, इंधन खाई, तेल तापवी. टर्बो ४०० तर वजनदार आणि शक्ती गिळणारा म्हणून प्रसिद्धच आहे. शिवाय सगळीच इंजिनं सारखी नव्हती. ट्रान्स-ॲम शर्यतीसाठी जन्मलेल्या १९६७ ते १९६९ च्या कॅमारो झेड/२८ मध्ये आणि १९६९-७० च्या मस्टँग बॉस ३०२ मध्ये ऑटोमॅटिक मिळतच नसे. त्यांची ३०२ घनइंची इंजिनं खालच्या फेऱ्यांत मंद आणि वर चढल्यावरच पेटणारी. वळणावळणांच्या ट्रॅकवर त्यांना त्या अरुंद पट्ट्यात धरून ठेवायला जवळजवळचे चार गिअर आणि चालकाचा हात लागतोच. झेड/२८ ला ऑटोमॅटिक मिळाला तो १९७० मध्ये, इंजिन मोठं होऊन ३५० घनइंचांचं झाल्यावर. गिअरबॉक्स कोणता, हे आधी इंजिन ठरवतं, असं म्हणायला याहून स्वच्छ पुरावा मिळणार नाही. थोड्या फेऱ्यांत प्रचंड जोर देणाऱ्या मोठ्या इंजिनाला तीन गिअर आणि कन्व्हर्टर शोभतात. लहान, उंच आवाजाच्या इंजिनाला चार गिअर आणि क्लच.

उरला किमतीचा मुद्दा, आणि मॅन्युअलवाले तोच शेवटचा पत्ता म्हणून टाकतात. १९७१ ची प्लिमथ हेमी ‘कुडा कन्व्हर्टिबल २०१४ साली सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली, ती चार गिअरांची होती. खरं आहे. पण अमेरिकेत विकल्या गेलेल्या अशा सात गाड्यांपैकी चार गिअरांच्या दोनच होत्या. बाकी पाच ऑटोमॅटिक. ज्यांनी ही गाडी नवी घेतली, ज्यांना ती चालवायची होती, त्यांनी बहुमताने ऑटोमॅटिक घेतला. आजची किंमत त्या काळच्या चालकांचा कौल नाही, आजच्या संग्राहकांची टंचाई आहे. चित्रपटांनीही हातभार लावला. ‘बुलिट’मधली चार गिअरांची हिरवी मस्टँग अनेकांच्या डोक्यात मसल कारचा साचा बनून बसली. आपल्याकडे बहुतेकांनी गाडी क्लचवरच शिकलेली असल्यामुळे हा साचा आपल्यालाही लगेच पटतो. हाताने गिअर टाकण्याचा आनंद खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो आनंदच हवा असेल तर तसं सरळ म्हणावं. त्याला इतिहासाचा किंवा वेगाचा दाखला जोडू नये. १९८७ ची ब्युइक जीएनएक्स घ्या. अशा ५४७ गाड्या बनल्या, सगळ्या ऑटोमॅटिक, आणि आपल्या पिढीतल्या अतिवेगवान अमेरिकन गाड्यांत तिची गणना होते.

तेव्हा जुनी मसल कार घेणाऱ्याने आधी बॉनेट उघडावं, मग मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर विचारावं, आणि दांड्याकडे शेवटी बघावं. हेमी किंवा ४४० घनइंचाच्या क्रायस्लर इंजिनाला जन्माचा टॉर्कफ्लाइट असेल तर केवळ भाव वाढेल या आशेने तो उपटून क्लच घालणं म्हणजे चांगली गाडी बिघडवणं. झेड/२८ चा दांडा काढून ऑटोमॅटिक बसवणं हा त्याचाच उलटा गुन्हा. बदलायचाच असेल तर तो दोन गिअरांचा खोका बदला, त्याच्या बदनामीला निदान कारण होतं. आणि काढलेला गिअरबॉक्स भंगारात देऊ नका. पुढचा मालक तो मागणार आहे.